गप्पीमाशांचे स्तोम

डासांविरुद्ध लढाई पुकारली, की आमच्याकडे पहिली आरोळी उठते ती गप्पीमाशांची! आरोग्यखात्याच्या पत्रकांत गप्पी, भिंतीवरच्या घोषणांत गप्पी, मुलांच्या निबंधांतही गप्पीच. पण हा पाहुणा आला कोठून आणि राहणार किती दिवस, याची चौकशी करायला कुणाला सवड आहे?

गप्पीचे माहेर दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा आणि त्याला लागून असलेली बेटे. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी नामक गृहस्थाने १८६६ च्या सुमारास हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले, म्हणून हे नाव. नर जेमतेम इंचभर, पण शेपटीचा तोरा मोराचा! काचेच्या पेटीत तो शोभतो, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला विहिरीत, तळ्यात, पऱ्यात सोडण्याबद्दल.

कारण हा पाहुणा परत जात नाही. मादी अंडी न घालता जिवंत पिल्ले देते आणि नराचे बीज महिनोन् महिने साठवून ठेवते. एकच मादी वाहून गेली, तरी नवी वसाहत उभी! आणि आमच्या देवरुखात पावसाळ्यात काय वाहून जात नाही? हौद ओसंडतात, वहाळ फुगतात आणि सारे पाणी सप्तलिंगीला मिळते.

“मग डासांचे काय?” हा सवाल रास्त आहे. हिवताप आणि डेंग्यू घरे रडवतात. पण डासांच्या अळ्या खाणारा मासा कोकणच्या पाण्यात पूर्वापार आहे. डोक्यावर चकाकता ठिपका मिरवीत तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. मुंबईच्या नमुन्यावरून १८४६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. नाव अप्लोचायलस लिनिएटस. परदेशी शौकीन त्याला कौतुकाने पेटीत पाळतात आणि आम्ही त्याच्याच घरात परका भाडेकरू घुसवतो! २०१६ साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी बजावले, की गप्पीमुळे डास हटतात याचा पुरावा तोकडा आहे. स्थानिक जलचरांना धोका मात्र खरा.

तेव्हा मागणी साधी आहे. गप्पी हवाच असेल तर बंदिस्त हौदात ठेवा. वाहत्या पाण्यात नको. डेंग्यूचा डास करवंटीत, फुटक्या टायरात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तेथे कोण मासा पोहायला जाणार? दिवाळीची झाडलोट माजघरापाशी न थांबवता परसापर्यंत न्या. आपल्या हातांनी करायचे काम मुक्या माशाच्या गळ्यात बांधून मोकळे होणे, याला आरोग्यसेवा म्हणत नाहीत!