दंडात्मक भरपाई: आधी कथन, मग मागणी

जिल्हा ग्राहक आयोगाने दंडात्मक भरपाई दिली आणि अपिलात ती उडाली, अशी पत्रे सदस्य वकिलांकडून सतत येत आहेत. सोबत आलेले तक्रार अर्ज आम्ही वाचले. मजकुरात दंडात्मक भरपाईबद्दल अवाक्षर नाही. शेवटच्या विनंतीत मात्र ‘मानसिक त्रास, गैरसोय व दंडात्मक भरपाईपोटी’ अशी एकच ठोक रक्कम. असा आदेश अपिलात टिकणार कसा?

जनरल मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच हे स्पष्ट केले. राष्ट्रीय आयोगाने बसवलेली 25 लाखांची दंडात्मक भरपाई तिथे रद्द झाली. इतर ग्राहकांच्या नुकसानीचे कथन तक्रारीत नव्हते, तशी मागणी नव्हती आणि कंपनीला या मुद्द्यावर उत्तर देण्याची संधीही मिळाली नव्हती. तरीही आपले मसुदे जुन्याच साच्यातून निघतात.

आयोगही दोषमुक्त नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 चे परंतुक त्यांना योग्य त्या परिस्थितीत दंडात्मक भरपाईचा अधिकार देते. ती परिस्थिती कोणती, हे आदेशात लिहायलाच हवे. कारणांशिवाय चिकटवलेला आकडा म्हणजे सामनेवाल्याला अपिलासाठी दिलेले आयते हत्यार.

‘मोठी रक्कम मागितली तर तक्रार वरच्या आयोगात जाईल’, ही सबब आता चालणार नाही. 2019 च्या कायद्यात अधिकारक्षेत्र ठरते ते ग्राहकाने मोजलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नाही.

भरपाई ग्राहकाचे नुकसान भरून काढते. दंडात्मक भरपाई सामनेवाल्याच्या वर्तनाची किंमत वसूल करते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1964 मध्ये रूक्स विरुद्ध बर्नार्ड खटल्यात या भरपाईची क्षेत्रे आखली. द्यावी लागणाऱ्या भरपाईपेक्षा नफा जास्त, असा हिशेब करून केलेले कृत्य त्यांत येते. तो हिशेब पुराव्यानिशी मांडणे हे आपले काम आहे. दोष सामनेवाल्याला कधी कळला, त्यानंतरही विक्री का चालू राहिली, त्यातून काय कमावले, आणखी किती ग्राहक फसले, हे स्वतंत्र परिच्छेदांत लिहा. शपथपत्रात आणा. रक्कम वेगळी मागा.

मित्रांनो, प्रलंबित तक्रारींच्या फायली आजच उघडा. जिथे हे कथन राहून गेले आहे, तिथे पुढच्या तारखेची वाट न पाहता दुरुस्ती अर्ज द्या. आपल्या आळसाची किंमत पक्षकाराने का मोजावी?