रोद्रीला विश्रांती द्यायची कशी?

१७ सप्टेंबर २०२४. मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर रोद्री पत्रकारांना म्हणाला, खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत. मोसमात ४०-५० सामन्यांनंतर खेळ घसरतोच, असं त्याचं म्हणणं. पाचच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं.

दुखापत टक्कर होऊन झाली, त्यामुळे सगळा दोष थकव्यावर टाकता येणार नाही. पण त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यातले सामने ६ वरून ८ झाले, वर उन्हाळ्यात ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप.

मग रोटेशन? पेप ग्वार्दिओला इतरांना आलटून-पालटून बसवायचे. रोद्रीच्या तोडीचा बदली खेळाडूच नव्हता. त्याच्याविना सिटीने एका टप्प्यात १३ पैकी १ सामना जिंकला. सलग ४ वेळचे विजेते लीगमध्ये तिसरे आले.