तिथि ठरवून येणारे अतिथि

एके काळीं आपल्या समाजांत परदेशगमन म्हणजे विलायतेस जाणें आणि विलायतेस जाणें म्हणजे बॅरिस्टर होऊन परत येणें, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. आतां अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्र शिकणारीं मुलें सुटींतील दोन-तीन महिने स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या उत्तरेकडील देशांतील कारखान्यांत व प्रयोगशाळांत शिकाऊ उमेदवार म्हणून काढून येतात. १९४८ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत स्थापन झालेली ‘आयएस्टे’ नांवाची संस्था अशा उमेदवारांची देशोदेशीं अदलाबदल घडवून आणीत असते. घरच्या वडील मंडळींना कामाची काळजी फारशी नसते. तें मुलें निभावून नेतात. मंडळी आम्हांस विचारतात तें निराळेंच. संध्याकाळीं काम सुटल्यावर आणि शनिवार-रविवारीं हें मूल करणार काय, व बोलणार कोणाशीं? प्रश्न क्षुल्लक नाहीं. परदेशीं गेलेलें मूल कामानें सहसा खचत नाहीं, तें सुटीच्या दिवशीं खचतें. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या गेल्या वर्षीं जूनच्या आरंभीं अशीच स्टॉकहोम येथें गेली होती. मुलगी हुशार, बोलकी, आठ-दहा माणसांच्या घरांत वाढलेली. तीन आठवड्यांनीं तिचें घरीं पत्र आलें. पत्र म्हणजे हल्लींच्या रीतीप्रमाणें दूरध्वनीवर धाडलेला मजकूर. त्यांत होतें, “येथें कोणी वाईट वागत नाहीं, पण कोणी बोलतही नाहीं. आज यांचा वर्षांतला मोठा सण आहे. सारें शहर ओस पडलें आहे आणि मी खोलींत एकटी बसून कालचा भात खात आहें. मी परत येऊं का?” हा सण म्हणजे ‘मिडसमर’. १९ ते २५ जून यांमधील शुक्रवारीं तो येतो. पानाफुलांनीं मढविलेला खांब उभारून लहानथोर त्याभोंवतीं फेर धरतात, बेडकासारख्या उड्या मारीत नाचतात, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खातात. ऐन पाडव्याच्या दिवशीं पाहुणीला बंद खोलींत एकटें बसावें लागलें तर आपणांस जें वाटेल, तें त्या घराला त्या दिवशीं वाटलें. आजीनें तर परतीच्या तिकिटाची चौकशीही करावयास लावली.

मुलीचा समज असा झाला होता कीं, आपण परकी म्हणून या लोकांना नकोशी आहों. तशी वागणूक जगांत कोठेंच मिळत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण येथें कारण निराळें होतें, आणि तें न समजल्यामुळें कित्येक चांगलीं मुलें त्या देशांतून कटु मनानें परत येतात.

संस्कृतांत ‘अतिथि’ या शब्दाची व्युत्पत्ति परंपरेनें अशी सांगतात कीं, ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि. न कळवितां दारांत उभा राहिलेल्या माणसाला पाट मांडून पान वाढावें, हा आपल्या गृहस्थधर्माचा अभिमान. स्कँडिनेव्हियांत या अर्थाचा अतिथि जवळजवळ नाहींच. तेथील प्रत्येक पाहुणा ‘सतिथि’ आहे. बोलावणें पुष्कळदां दोन-तीन आठवडे आधीं ठरतें, आणि सहा वाजतांचें बोलावणें म्हणजे सहा वाजतां. लवकर पोंचलेला पाहुणा रस्त्याच्या कोपऱ्यावर चार मिनिटें उभा राहील, पण आधीं घंटा वाजविणार नाहीं. बसच्या थांब्यावर माणसें एकमेकांपासून चार हात दूर उभीं राहतात. याच्या मुळाशीं तुच्छता नसून दुसऱ्याच्या एकांताचा मान आहे. नव्या माणसाला एकदम घरीं बोलाविलें तर त्याला नाहीं म्हणतां येणार नाहीं, त्याच्यावर भार पडेल, असें त्यांना मनापासून वाटतें. आपल्याकडे आग्रह न करणें हा उणेपणा. त्यांच्याकडे आग्रह करणें हा अतिक्रम. दोन्हीं ठिकाणीं हेतु एकच, समोरच्याचें मन राखण्याचा.

दुसरें कारण कायद्याचें आहे. १९७७ च्या स्वीडिश रजेच्या कायद्यानें नोकरी करणाऱ्याला वर्षाला २५ दिवस रजा, आणि तींतील चार आठवडे जून ते ऑगस्ट या काळांत सलग घेण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळें जुलैंत कचेऱ्या रिकाम्या होतात आणि माणसें बेटांवरच्या, रानांतल्या लहान लांकडी घरांत जाऊन राहतात. नेमकें त्याच दिवसांत आपलें मूल तेथें पोंचलेलें असतें. लग्नघरचीं माणसें गांवाला गेल्यावर वाड्यांत उतरलेल्या पाहुण्यासारखी त्याची स्थिति होते.

तेथील समाजांत शिरण्याचें दार घराचें नसून कॉफीचें आहे. कामाच्या जागीं सकाळीं आणि दुपारीं सर्वजण एकत्र बसून कॉफी घेतात; हिला ते ‘फीका’ म्हणतात. नांव फीका असलें तरी कॉफी चांगली कडक असते. कॉफीसाठीं असलेल्या जुन्या ‘काफी’ या शब्दाचीं अक्षरें उलटून हा शब्द बनला. सोबत गोड पाव असतो, आणि त्यांत दालचिनी किंवा वेलदोडा सढळ हातानें घातलेला असतो. वेलदोड्याचा तो वास प्रथम आला तेव्हां आपल्या देवघरांतील प्रसादाची आठवण होऊन डोळ्यांत पाणी आलें, असें त्या मुलीनें सांगितलें. या बैठकींत मुख्य अधिकारी आणि कालचा उमेदवार शेजारीं बसतात. काम आहे असें सांगून टेबलाशींच बसून राहणारें मूल उद्योगी ठरत नाहीं, तुटक ठरतें.

तेथें आपल्या मुलांची जीभ अडखळते ती संबोधनापाशीं. पूर्वी स्वीडिश लोक समोरच्या माणसाला त्याच्या हुद्द्यानें संबोधीत. १९६७ सालीं ब्रूर रेक्सेद या गृहस्थांनीं सरकारी वैद्यकीय खात्याची सूत्रें हातीं घेतांना, आपण कचेरींत सर्वांस पहिल्या नांवानें हांक मारूं व त्यांनींही तसेंच करावें, असें जाहीर केलें. त्या सुमारास ‘तूं’ म्हणण्याची रीत देशभर पसरली. साठ वर्षांच्या अधिकाऱ्याला नुसत्या नांवानें हांक मारणें ‘अहो-जाहो’त वाढलेल्या मुलीला जड जातें. परंतु तेथें आदर सर्वनामांत नसून वेळ पाळण्यांत व दुसऱ्याचें बोलणें पुरें होऊं देण्यांत असतो. तसेंच आपला पहिला नंबर, मिळालेलीं बक्षिसें, वडिलांचा हुद्दा यांची वाच्यता तेथें करूं नये. अक्सेल सांदेमूसे या लेखकानें १९३३ सालच्या आपल्या कादंबरींत ‘यांते’ नांवाच्या काल्पनिक गांवाचे दहा नियम दिले आहेत; तूं कोणी विशेष आहेस असें मानूं नकोस, हें त्यांचें सार. लेखकाचा हेतु उपरोधाचा होता, पण त्या नियमांत आपलाच स्वभाव लोकांनीं ओळखला.

पुढें काय झालें तें सांगतों. परत येण्याऐवजीं मुलीनें एक उपाय करून पाहिला. कॉफीच्या वेळीं तिनें विचारलें, “रविवारीं मला एखादें बेट पाहावयाचें आहे, कोणतें पाहूं?” प्रश्न साधा होता, पण त्यानें कुलूप निघालें. दोन दिवसांनीं एका बाईंनीं तिच्यापुढें बोटीच्या वेळा लिहिलेला कागद ठेविला आणि म्हटलें, “आमचें कुटुंबही त्या दिवशीं जाणार आहे, आमच्याबरोबर चालेल का?” सणाच्या दिवशीं का बोलाविलें नाहीं, हेंही ओघानें निघालें. “तुझे स्वतःचे कांहीं बेत असतील, असें आम्हांस वाटलें.” म्हणून जाणाऱ्या मुलांना आम्ही सांगतों कीं, बोलावण्याची वाट पाहूं नका, विचारा, आणि वार ठरवा. तेथें गायनाचीं, पोहण्याचीं, रानांत हिंडण्याचीं मंडळें असंख्य आहेत, आणि मैत्री बहुधा समोरासमोर बसून जुळत नाहीं, शेजारीं चालतांना जुळते. सणाला कोणी बरोबर नसेल तर स्टॉकहोमच्या ‘स्कान्सेन’ येथें जावें. १८९१ सालीं आर्तुर हासेलियुस यांनीं उघडलेल्या या उघड्यावरच्या संग्रहालयांत मिडसमरचा खांब सर्वांसाठीं उभारला जातो.

सहलींचें म्हणाल तर त्या देशाइतकी उदार भूमि क्वचितच असेल. स्टॉकहोमसमोरील समुद्रांत लहानमोठीं बेटें व खडक मिळून सुमारें ३०,००० आहेत. दुसऱ्याच्या मालकीच्या रानांतूनही कोणीही चालावें, एखादी रात्र तंबू ठोकावा, रानांतल्या बेरी व अळंबीं वेंचावीं, असा तेथें सर्वांस हक्क आहे; १९९४ पासून त्याचा उल्लेख स्वीडनच्या राज्यघटनेंतही आहे. अट एवढीच कीं, कोणाला त्रास देऊं नये, कांहीं नासूं नये, पेरलेल्या शेतांत वा घराच्या आवारांत शिरूं नये. गोचिडीपासून मात्र जपावें. गवतांतून आल्यावर अंग तपासावें, कारण तिच्या चाव्यानें मेंदूचा ज्वर होऊं शकतो; लस निघाली आहे, तिच्याविषयीं आधींच वैद्याला विचारावें.

नॉर्वेंत १८६८ पासून चालत आलेल्या पर्यटन-मंडळाच्या डोंगरांतील कित्येक घरांत राखणदारच नसतो. सभासदाजवळच्या किल्लीनें दार उघडावें, कपाटांतला शिधा घ्यावा, वहींत नांव लिहून आपले पैसे आपणच भरावे. तेथील डोंगरवाटांच्या नियमांत एक असा आहे कीं, वेळीं परत फिरण्यांत लाज नाहीं. सह्याद्रीवर हिंडणाऱ्या आपल्या तरुणांनीं तो पाठ करावा. ऑस्लोस जाणाऱ्या मुलांना आम्ही एका नांवाची आठवण देतों. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणींतील मराठीचा खंड १९०५ सालीं निघाला, तो सिद्ध करणारे पंडित स्टेन कोनोव हे नॉर्वेचे होते. राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’ही त्यांनीं संपादिली.

स्टॉकहोमजवळच्या मेलारेन सरोवरांत ‘हेल्यो’ नांवाचें बेट आहे. तेथें १९५४ सालीं सुरू झालेल्या उत्खननांत पितळेसारख्या धातूची, वीतभरही उंच नसलेली एक बुद्धमूर्ति सांपडली. ती इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्य भागांत घडविलेली असून आतां स्टॉकहोमच्या इतिहास-संग्रहालयांत आहे. किती हातांतून, किती नद्या उतरून ती तेथवर गेली असेल! आपल्या मुलांच्याही आधीं सुमारें हजार वर्षें आपल्या बाजूचा एक पाहुणा त्या बर्फाच्या देशांत पोंचला होता, आणि त्याला कोणीं तरी जपून ठेविलें होतें.

घरीं बोलावणें आलें तर आपल्याला शिकविण्याजोगें फार नाहीं. जोडे दारांत काढावयाचे, हें तर आपलेंच. जेवण झाल्यावर अन्नाबद्दल आभार मानतात. घरचीं मुलेंही आईला तसें म्हणतात. आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतों, त्याचाच हा धाकटा भाऊ. पुढें रस्त्यांत गांठ पडली तर ‘गेल्या वेळेबद्दल आभार’ असें प्रथम म्हणावयाचें, ही रीत आम्हांस फार गोड वाटते. शाकाहारी आहों हें आधीं कळवावें. त्यांत कोणाला नवल वाटत नाहीं. मद्याचें भय वडिलांना असतें. स्वीडनमध्यें कडक मद्य सरकारी दुकानांतून विकलें जातें, आणि तीं शनिवारीं दुपारीं मिटतात ती सोमवारींच उघडतात. मेजवानींत पेला पुढें येतो खरा, पण नको म्हटलें कीं आग्रह होत नाहीं. येथें त्यांचा तो संकोच आपल्या उपयोगी पडतो.

आतां घरच्या मंडळींना दोन शब्द. पूर्वी पत्राला महिना लागे आणि मुलाला परक्या गांवांत माणसें जोडणें भाग पडे. हल्लीं शनिवारीं संध्याकाळीं आजी, काकू, आत्या अशा क्रमानें सारें घर दूरध्वनीच्या पडद्यावर येतें, आणि मूल तेवढा वेळ येथेंच असतें, तेथें नसतें. माया अपार असावी, पण तिलाही वेळ ठरलेली असावी. आठवड्याचा एक वार नेमावा आणि सुटीचे दिवस मुलाला मोकळे सोडावे. ज्याच्या खोलींतून रोज घरचा आवाज येतो, त्याच्या दारावर शेजारी टकटक करीत नाहीं.

आणि शेवटचें आपल्याविषयीं. ही अदलाबदल दुतर्फा आहे. पुण्यासारख्या शहरांत परदेशीं विद्यार्थी पुष्कळ आहेत. गणपतीच्या दहा दिवसांत सारें शहर रस्त्यावर असतें, आणि तीं मुलें भाड्याच्या खोल्यांत बसून ढोल ऐकत असतात. स्वीडनचे लोक तिथि ठरल्याशिवाय बोलावीत नाहींत म्हणून आपण त्यांना कोरडे म्हणतों. आपल्याला तर तिथीची अट नाहीं. मग गेल्या वर्षीं त्यांपैकीं किती जणांचें पान आपल्या पंक्तींत वाढलें, याचा हिशेब प्रत्येक घरानें आपल्याशींच करावा.