बरे होणे आणि मुक्त होणे

बुद्ध हा जगातील पहिला मानसोपचारतज्ज्ञ होता, असे एक विधान अलीकडे फार सहजपणे केले जाते. व्याख्यानमालांत ते ऐकू येते, रविवारच्या पुरवण्यांत वाचायला मिळते आणि महाविद्यालयांतील ‘ताणतणाव व्यवस्थापना’च्या कार्यशाळांत तर हमखास येते. त्यामागे बुद्धाचा गौरव करण्याचाच हेतू असतो. मला मात्र त्यात बुद्धाचा आणि मानसोपचाराचाही संकोच होताना दिसतो. ह्या संकोचाची किंमत शेवटी एखाद्या खऱ्याखुऱ्या त्रासलेल्या माणसाला मोजावी लागते, म्हणून हा केवळ शब्दच्छल नव्हे.

साम्य आहे, हे आधीच मान्य करायला हवे. दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग ही चार आर्यसत्यांची मांडणी रोग, निदान, आरोग्य आणि औषध ह्या वैद्यकाच्या क्रमाशी जुळते. बौद्ध परंपरेनेच ही तुलना केलेली आहे; बुद्धाला वैद्य म्हणणे हा काही आजचा शोध नाही. आमच्या कोलाडहून महामार्गाने इंदापूरपर्यंत जाऊन तळ्याकडे वळले, की पुढे राजपुरीच्या खाडीवर पाहणारी कुडा येथील लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत दाते म्हणून माळी भेटतो, लोखंडाचा व्यापारी भेटतो आणि सोमदेव नावाचा एक वैद्यही भेटतो. त्याचा बाप इसिरखित हाही वैद्य आणि बुद्धाचा उपासक. सोमदेवाने दानलेखात आपल्या मुलांची आणि मुलींचीही नावे घातली आहेत. ह्या घराण्याने औषधे देणे सोडून प्रव्रज्या घेतली नाही आणि भिक्षूंनी औषधालय चालवावे म्हणूनही लेणे कोरून दिले नाही. दोन कामे वेगळी आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत, एवढी समज त्या दानात मला दिसते. अर्थात एका ओळीच्या शिलालेखातून किती काढावे, हा प्रश्न इतिहासाचे प्राध्यापक विचारतीलच.

घोटाळ्याची सुरुवात, माझ्या मते, भाषेपासून होते, आणि तो आपल्या विषयाचा भाग आहे. मराठीत ‘वेदना’ म्हणजे फक्त दुखणे. पालीत वेदना सुखद असते, दुःखद असते आणि दोन्ही नसलेलीही असते. इंद्रियाचा विषयाशी संबंध येताच जे जाणवते ते सारे वेदना. ‘संस्कार’ ह्या शब्दाचे तर आपण बालवर्गच काढले. पालीतील ‘संखार’ म्हणजे कारणांनी घडलेली आणि पुढचे घडवणारी प्रत्येक प्रवृत्ती. ‘चांगले संस्कार’सुद्धा तिथे शेवटी बंधनाच्याच बाजूला पडतात. आणि ‘दुःख’? मराठी वाचक पुत्रवियोग, दारिद्र्य, आजार डोळ्यांसमोर आणतो. पालीतील ‘दुक्ख’ भरल्या ताटावर बसलेल्या, प्रकृतीने ठणठणीत माणसालाही लागू असते, कारण जे अनित्य आहे त्याला धरून राहण्यातच ते आहे. आता ‘वेदनेपासून सुटका’ हे शब्द मराठी कानांनी ऐकले, तर बुद्ध वेदनाशामक देणारा वाटणारच.

मानसोपचाराने असे आश्वासन कधी दिले नव्हते. फ्रॉइडने ब्रॉयरबरोबर 1895 साली प्रसिद्ध केलेल्या उन्मादविषयक ग्रंथाच्या अखेरीस उपचाराचे उद्दिष्ट किती माफक ठेवले आहे पाहा: रोगट यातनांचे रूपांतर चारचौघांच्या नेहमीच्या दुःखात झाले, तर पुष्कळ मिळाले. मला हा माफकपणा फार प्रामाणिक वाटतो. बुद्धाचे काम नेमके त्या ‘चारचौघांच्या नेहमीच्या’ दुःखापासून सुरू होते. एक जिथे थांबतो, तिथे दुसरा प्रश्न विचारायला लागतो.

महाराष्ट्राला अधिक परिचित असलेले उदाहरण अल्बर्ट एलिसचे. त्याने 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात 1990 साली सुरू केलेल्या संस्थेमुळे ती घरोघर पोहोचली. घटना माणसाला अस्वस्थ करत नाही, तिच्याविषयीचा आपला दुराग्रह करतो, हे एलिसचे सूत्र ऐकले की बुद्धाची आठवण होते खरी. संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आक्रोश करणारे मन स्वतःच मारून घेते. इथवर दोघे बरोबर चालतात. पण एलिसचा सल्ला, आपल्या भाषेत सांगायचे तर, इच्छा ठेवा, हट्ट सोडा असा आहे. नोकरी मिळावीशी वाटणे योग्य. मिळालीच पाहिजे म्हणणे घातक. बुद्ध ‘मिळावीशी वाटणाऱ्या’कडेच वळतो: हे कोणाला वाटते आहे? एलिसकडून माणूस आपल्या इच्छांसह, अधिक शहाणा होऊन घरी जातो. बुद्धाकडून तो घरी जाईलच असे नाही.

किसा गोतमीची कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचावी. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणण्याची अट, आणि दारोदार फिरून तिला आलेले भान. ही शोकोपचाराची निर्दोष पद्धत आहे, असे आजचा कोणताही समुपदेशक म्हणेल. पण आपण ही कथा बहुधा इथेच संपवतो. परंपरेतील किसा गोतमी मुलाला स्मशानात ठेवते, परत येते, आणि संघात प्रवेश मागते. पुढे ती अर्हत्पदाला पोहोचते. उपचाराच्या निकषावर ती घरी जाऊन पुन्हा संसाराला लागायला हवी होती. तशी ती लागली असती, तर उपचार यशस्वी ठरला असता आणि कथा थेरींच्या परंपरेत आली नसती.

आणखी एक भेद आपण फारसा बोलत नाही. बुद्धाचा मार्ग शीलापासून सुरू होतो. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे त्यात स्पष्ट आहे. दारूच्या दुकानदाराला झोप येत नसेल, तर उपचारक त्याला झोप मिळवून देईल, आणि ते त्याचे कर्तव्यच आहे. दुकान बंद कर, असे तो सांगणार नाही. बुद्ध दुकानापासून सुरुवात करील. माइंडफुलनेसच्या नावाखाली शीलाचा भाग वगळून उरलेले ध्यान व्यवस्थापकांना शिकवले जाते, तेव्हा ते निरुपयोगी होते असे नाही. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्समधील रुग्णालयात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी ते वापरले आणि अनेकांना आराम पडला. फक्त त्याला मार्ग म्हणू नये.

ह्या बाबतीत सत्यनारायण गोयंकांनी स्वतः सांगितलेली हकीकत बोलकी आहे. 1955 साली ब्रह्मदेशात ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, ते अर्धशिशीने हैराण होऊन. डोकेदुखीसाठी आला असशील तर हे तुझ्यासाठी नाही, असे सांगून गुरूंनी आधी नकारच दिला. मन शुद्ध करण्यासाठी ये, दुखणे गेले तर तो आनुषंगिक लाभ समज, हा त्यांचा आशय. इगतपुरीला 1976पासून हजारो माणसे जातात. गंभीर मनोविकार असलेल्यांनी विपश्यनेला उपचाराचा पर्याय मानू नये, असे तेथील नियमावलीही सांगते. केंद्र जे भेद जपते, ते आपली व्याख्याने पुसून टाकतात.

आता दोन्ही बाजूंना अवघड जाणारा प्रश्न. दुःखाचे मूळ मनातच आहे, ह्यावर उपचारक आणि ध्यानगुरू यांचे बव्हंशी एकमत असते. बाबासाहेब आंबेडकरांचे नाही. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत की नंतर भिक्षूंनी घातलेली, अशी शंका घेतली. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केल्याची कथाही त्यांनी नाकारली; त्याजागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा घेतला. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघात अल्पमतात पडतो आणि परिव्रज्या पत्करतो. त्याआधी धर्मानंद कोसंबींनीही ‘भगवान बुद्ध’मध्ये प्रचलित कथा बाजूला सारून अत्तदंड सुत्ताचा आधार घेतला होता. आटत्या पाण्यातील माशांप्रमाणे एकमेकांशी झगडणारी माणसे, हे त्या सुत्तातील चित्र.

पाण्याचा तंटा आम्हा कोलाडकरांना समजावून सांगावा लागत नाही. आमची कुंडलिका वाहते ती बरीचशी भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर, आणि ते पाणी मुळशीचे. त्या धरणाविरुद्ध 1921पासून सेनापती बापटांसह मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो हरला आणि गावे बुडाली. भिऱ्याचे वीजगृह 1927 सालचे. त्याच वर्षी मार्चमध्ये ह्याच महामार्गावर पुढे, महाडला, चवदार तळ्याचे पाणी माणसांनी ओंजळीत घेतले. आज सकाळी भिऱ्याहून पाणी सुटले की मुंबई-पुण्याची मंडळी ताण घालवायला राफ्टिंगच्या होड्यांत बसतात. मुळशीच्या विस्थापित शेतकऱ्याला दुराग्रह सोडण्याचा किंवा श्वास पाहण्याचा सल्ला द्यावा काय? त्याचे दुःख त्याच्या तृष्णेतून आले, की दुसऱ्या कोणाच्या?

बाबासाहेबांच्या वाचनात तृष्णेचा विचार सुटत नाही. तो सत्ताधाऱ्याच्या तृष्णेलाही लागू होतो, इतकेच. पण त्यांच्या नावाने मानसोपचाराला मध्यमवर्गीय चैन ठरवणेही मला पटत नाही. अन्यायाने पिचलेल्या माणसालाही नैराश्याचा आजार होतो, आणि न्याय मिळेपर्यंत त्याची गोळी थांबवता येत नाही.

म्हणून वर्गात आणि वर्गाबाहेर शिक्षकाने निदान शब्द तरी जपून वापरावेत. परीक्षेच्या हंगामात एखादी मुलगी येऊन सांगते, रात्र रात्र झोप नाही, जगावेसे वाटत नाही. तिला दहा दिवसांच्या शिबिराचा पत्ता देणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या मनात करुणाच होती. तिला त्या दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवे, तेही कोणीतरी सोबत जाऊन, आणि घरी फोन करून. अनित्य आणि अनात्म तिला वाचायचेच असेल, तर पुढच्या सत्रात ग्रंथालय उघडे असते.