चिठ्ठी बदलली म्हणून औषध बदलत नाही

वजन उतरवणारे, स्नायू भरणारे, जुनी दुखापत बरी करणारे ‘पेप्टाइड’ आता मोबाइलवर मागवता येते. घरी पावडरची छोटी बाटली येते. तिच्यावर लिहिलेले असते, ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. ती प्रयोगशाळेत जाणार नाही, कुणाच्या तरी पोटात टोचली जाणार आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. वर सांगितले जाते की कायद्यात याबद्दल काही स्पष्ट नाही. हे खरे नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. आपल्या कितीतरी घरांत फ्रिजमध्ये ठेवलेले इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांच्या दोन जोडलेल्या साखळ्याच आहेत. मधुमेहासाठी मंजूर असलेले सेमाग्लुटाइडही पेप्टाइडच. तेव्हा वाद पेप्टाइडशी नाही. ते कोणी तपासले, कोणी बनवले आणि कोण विकतो, हा प्रश्न आहे.

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा औषध ओळखतो ते वापराच्या हेतूवरून. आजारावर उपाय म्हणून विकले की ते औषध, बाटलीवर काहीही छापा. औषधे हा विषय समवर्ती सूचीत आहे. नव्या औषधाला मंजुरी आणि आयातीची परवानगी केंद्राची औषध नियंत्रण संघटना देते. कारखान्याचा आणि मेडिकल दुकानाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. विनापरवाना विक्रीसाठी ३ ते ५ वर्षे कैदेची तरतूद आहे. जिममध्ये ज्याचे नाव फार घेतले जाते त्या बीपीसी-१५७ ला आपल्याकडे उपचारासाठी मंजुरी नाही. खेळाडूंसाठी तर ते २०२२ पासून जागतिक बंदीच्या यादीत आहे.

उल्हासनगरचा ‘मेड इन यूएसए’ हा विनोद सर्वांना माहीत आहे. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्यांनी कष्टाने उभ्या केलेल्या बाजारावरचा तो विनोद. पण जीन्सवरची चिठ्ठी खोटी निघाली तर फार तर रंग जातो. इंजेक्शनवरची चिठ्ठी खोटी निघाली तर माणूस जातो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत औषध कारखान्यांत काम करणारी मुले आपल्याच मोहल्ल्यांतली आहेत. एक बॅच बाहेर पडण्याआधी किती तपासण्या आणि किती सह्या लागतात, ते त्यांना विचारा. मग त्या निनावी बाटलीकडे पाहा.

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. माल लपवून विकणाऱ्याला त्यांनी तिथेच फटकारले. आपल्या मशिदींतून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. ‘संशोधनासाठी’ ही चिठ्ठी म्हणजे तीच वरची कोरडी रास. औषधात डुकराचा अंश आहे का, एवढे विचारून आपण थांबतो. विक्रीतला धोकाही हरामच आहे, हे विसरतो.

मात्र नुसत्या धाडींनी हे थांबणार नाही. मंजूर इंजेक्शनचा महिन्याचा खर्च पगाराला झेपत नाही, म्हणून माणूस त्या बाटलीकडे वळतो. केंद्राने किमती आवाक्यात आणाव्यात, राज्याने औषध निरीक्षकांची संख्या वाढवावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. तोवर एवढे तरी करू : डॉक्टरची चिठ्ठी, परवान्याचे दुकान आणि बॅच नंबर असलेले पक्के बिल, यातले एकही नसेल तर ती सुई आपल्या मुलाच्या अंगाला लागू द्यायची नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिच्यावर कोणालाही ‘संशोधन’ करू देण्याचा हक्क आपल्यालाही नाही.