चार वर्षांनंतर काय?

आमच्या शेजारचा मुलगा रोज पहाटे उठून सोळाशे मीटर धावतो. फौजेत जायचंय! काल त्याची आई म्हणाली, ‘‘ताई, चार वर्षांनी परत पाठवला तर?’’

मैत्रिणींनो, तिची धास्ती खोटी नाही. २०२२ साली ‘अग्निपथ’ योजना आली, तेव्हा नियम ठरला: चार वर्षांनी शंभरातले फार तर २५ कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये, पेन्शन नाही. तरबेज झालेली पोरं घरी पाठवण्यात फौजेचंही नुकसानच आहे. पंचविसाचा आकडा वाढायलाच हवा.

पण आपल्या हातातलं आपण करूया. त्या पैशात घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न उरकायचं नाही. त्याचं शिक्षण, त्याचा धंदा उभा राहू दे. आणि परत आलेल्या पोराला कुणी ‘नापास’ म्हटलं, तर पहिलं उत्तर आपणच द्यायचं!