कुरळे केस ही दुरुस्त करायची चूक नाही

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गझल शिकवायला घेतली की जुल्फ, गेसू, पेच-ओ-खम हे शब्द येणारच. केसांच्या वळणांवर उर्दू शायर शतकानुशतके फिदा आहेत. पण तीच वळणं वर्गातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यावर दिसली की आपण तिला ‘झिपरी’ म्हणतो. ‘विंचरून येत जा’ असं सुनावणाऱ्यांत शिक्षिकाही असतात. मग ती पोर रोज शॅम्पू लावते, कोरड्या केसांतून कंगवा ओढते, केस आणखी फुलतात. आठवी-नववीत ‘मला स्ट्रेटनिंग करून द्या’ हा हट्ट सुरू होतो.

दोष केसांचा नाही, धुण्याच्या पद्धतीचा आहे. टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडतं, म्हणून टोकं कायम कोरडी राहतात. त्यात बऱ्याच शॅम्पूंमधलं सोडियम लॉरिल सल्फेटसारखं फेस आणणारं रसायन उरलंसुरलं तेलही काढून नेतं.

गंमत म्हणजे ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्याच ‘चंपी’चा भाऊबंद. 1759 मध्ये पाटण्याला जन्मलेले शेख दीन मोहम्मद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमलं. म्हणजे मुळात शॅम्पू ही मालिश होती. फेस नंतर आला.

आपल्या घरांत रिठा, शिकेकाई, आवळा होतेच. पाच-सहा रिठे, थोड्या शिकेकाईच्या शेंगा आणि सुका आवळा रात्री भिजवायचा, सकाळी मंद आचेवर उकळून गाळायचा. हे पाणी टाळूला लावून बोटांनी हळू चोळायचं. लांबीला चोळायचं नाही, धुताना उतरेल तेवढं पुरे. आठवड्यातून एकदा-दोनदा बस. केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवायचे. मग जवसाचा गर लावायचा: एक मोठा चमचा जवस दीड कप पाण्यात उकळायचा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचा. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती ओढणीने टिपायचे. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी केस पूर्ण वाळल्यावरच तो बांधावा.

शॅम्पू सोडणं म्हणजे केस धुणं सोडणं नव्हे. तेलावर तेल थापून धूळ साठवण्यात काही नैसर्गिक नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं, जपावं. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा सल्ला ऐकू नका, तो केस खरखरीत करतो. कोंडा किंवा खाज हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. त्यांनी औषधी शॅम्पू दिला तर तो बिनदिक्कत वापरा. हा काही धर्माचा प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो मुलीच्या मनाचा आणि तब्येतीचा. केस सरळ करणाऱ्या काही रसायनांतून ती तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला आहे. चौदा वर्षांच्या मुलीला तिकडे ढकलायचं कशासाठी? आपण झिपरी म्हटलं म्हणून?

बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर आपण सगळ्यांनीच दिला आहे. केस स्वच्छ असावेत, बांधलेले असावेत, एवढं शिस्तीला पुरतं. ते सरळच असावेत, हा हट्ट आपला आहे. पुढच्या परिपाठाला कुणा मुलीला केसांवरून रांगेबाहेर काढण्याआधी एवढं आठवावं. आणि आयांनो, लेकीच्या केसांचा गुंता सोडवताना तोंडातून ‘काय हे केस!’ निघू देऊ नका. ती ऐकत असते.